पवई आणि अस्वान

अंधेरीहून पूर्वेकडे येतांना पवईचा तलाव लागतो. त्याच्या कांठच्या तंत्रज्ञान संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्तें मार्च १९५९ मध्यें बसविली गेली. वर्ग त्यापूर्वीच, १९५८ सालीं, वरळी येथें १०० विद्यार्थ्यांनिशीं भरूं लागले होते. युनेस्कोच्या द्वारें यंत्रसामग्री व तज्ज्ञ पुरविले ते सोव्हिएट रशियानें. त्याच वर्षअखेर रशियानें इजिप्तला नाईल नदीवरील अस्वानच्या धरणासाठीं कर्ज देण्याचा करार केला. एकाच दात्यानें दोन देशांस दिलेल्या या साहाय्याची पुढील कथा श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे.

रशियाच्या अरबप्रेमाचें मूळ बव्हंशीं भूगोलांत आहे. उत्तरेकडील त्याचीं बहुतेक बंदरें हिंवाळ्यांत गोठतात. काळ्या समुद्रांतील जहाजांस तुर्कस्तानच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून भूमध्य समुद्रांत उतरावें लागतें. तेथें स्नेह्याचें बंदर हवें. म्हणूनच तत्त्वांची अडचण रशियानें फारशी मानली नाहीं. १९२६ सालीं इब्न सौद या धर्मनिष्ठ राजाच्या राज्यास प्रथम मान्यता दिली ती निरीश्वरवादी मॉस्कोनेंच. १९३८ सालीं तेथील वकिलात बंद झाली आणि उभय देशांचे संबंध १९९० मध्येंच पुन्हा जुळले.

जुलै १९५६ मध्यें अमेरिकेनें अस्वानसाठीं द्रव्य देण्याचें नाकारलें. आठवड्याच्या आंत नासेर यांनीं सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला आणि पुढें धरणास रशियाचा हात मिळाला. १९५९ सालीं नासेर यांनीं स्वदेशींच्या कम्युनिस्टांस तुरुंगांत टाकलें. तरीहि १९६० मध्यें धरणाचें काम सुरू झालेंच! जानेवारी १९७१ मध्यें त्याचें उद्घाटन झालें, मे महिन्यांत मैत्रीचा तह झाला. आणि पुढच्याच वर्षीं सादात यांनीं हजारों रशियन लष्करी सल्लागारांस निरोप दिला. १९७६ सालीं तहहि मोडला. धरणाचीं बारा जनित्रें मात्र इजिप्तला वीज पुरवीत राहिलीं.

सीरियाची गोष्ट याच धड्याची दुसरी बाजू होय. तार्तूस बंदरांत १९७१ पासून रशियन आरमारास आश्रय मिळाला. असद यांची सत्ता राखण्यासाठीं २०१५ सालीं रशियानें विमानें धाडलीं. डिसेंबर २०२४ मध्यें ती सत्ता कोसळली आणि असद यांस मॉस्कोनें आश्रय दिला. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यांस पदच्युत करणारे अहमद अल-शरा हेच मॉस्कोस पाहुणे म्हणून गेले! राजे व अध्यक्ष बदलतात. बंदराची गरज बदलत नाहीं.

सोव्हिएट संघराज्य १९९१ सालीं लयास गेलें, परंतु पवईची विद्या त्याबरोबर गेली नाहीं, कारण येथील अध्यापकांनीं ती आपलीशी केली होती. दात्याचा हेतु दात्यापाशीं राहतो. घेणाऱ्यानें ओंजळींतून काय मुरवून घेतलें, हाच खरा प्रश्न असतो. शस्त्रें घेणाऱ्यास सुट्या भागांसाठीं पुन्हा त्याच दारीं जावें लागतें. विद्या घेणारा मात्र एके दिवशीं स्वतःच इतरांस ती देऊं शकतो. परराष्ट्रांच्या मैत्रीचें मोल करतांना लहानमोठ्या सर्वच राष्ट्रांनीं हा भेद ध्यानीं ठेवावा, हें उचित.