लहरी पचविणारा लेप
(टी. टी. नगर येथील महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या नगराला ज्यांचे नाव लाभले, त्या तात्या टोप्यांनी जून १८५८ नंतर जवळजवळ दहा महिने इंग्रज फौजांना हुलकावण्या दिल्या. त्यांना लपावयास रान पुरले. आजच्या वैमानिकास अंधारही पुरत नाही. रडारच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी विमानाच्या पत्र्यावरून परततात आणि त्याचा ठाव लागतो.

लहर परतूच नये यासाठी काय करावे? चेंडू भिंतीवरून उसळतो, चिखलात रुततो. हे चिखलाचे काम फेराइट करते. लोहभस्मात बेरियम, निकेल वा जस्त यांची संयुगे मिसळून भाजलेली ही चुंबकीय मृत्तिका होय. तिच्यातील चुंबकत्व लहरीबरोबर डोलू पाहते, पण मागे पडते. या ओढाताणीत लहरीच्या ऊर्जेची उष्णता होते.

रंगासारखा लेप फार तापल्यास टिकत नाही. म्हणून प्लाझ्मा-फवारणी करतात. विजेच्या ज्योतीत आर्गॉन वायू १०,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून त्यात फेराइटची पूड सोडतात. वितळलेले कण पृष्ठभागावर आदळून चपटे होतात, क्षणात थिजतात आणि थरावर थर चढतो. मात्र या प्रखर उष्णतेत फेराइटमधील थोडा प्राणवायू निसटतो, स्फटिकांची घडी विस्कटते आणि चुंबकत्व घटते. म्हणून लेप पुन्हा बेताने भाजावा लागतो. त्याची जाडीही लहरीच्या लांबीप्रमाणे ठरवावी लागते.

ही विद्या केवळ युद्धाची नव्हे. आपल्या भोपाळात १९८१ साली क्षेत्रीय संशोधन प्रयोगशाळा निघाली. २००७ पासून ती ‘ॲम्प्री’ या नावाने ओळखली जाते. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतून निघणाऱ्या लाल गाळापासून तेथे क्ष-किरण अडविणाऱ्या फरश्या तयार झाल्या. क्ष-किरणही विद्युत्‌चुंबकीय लहरीच, परंतु अतिशय आखूड. त्यांना चुंबकत्व अडवीत नाही, जड अणू शोषून घेतात. एरवी त्यासाठी शिसे वापरतात, आणि शिसे विषारी. रुग्ण क्ष-किरणांच्या खोलीत घटकाभर असतो; तेथील कर्मचारी व शेजारच्या खोलीतील परिचारिका यांना मात्र जन्मभर तेथेच काम करावयाचे असते. त्यांचे रक्षण टाकाऊ गाळाने व्हावे, यापरते मोल कोणते?

कुंभाराची भट्टी आणि ही प्रयोगशाळा यांचे नाते जवळचे आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणास मातीची, धातूची ही विद्या शिकावीशी वाटली, तर ‘यात काय मिळणार?’ असे विचारून तिला परतवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.