भौतिकोपचार आणि आपलें घर



आजच्या भाषणाचा विषय 'भौतिकोपचार : त्याचें शिक्षण व संशोधन' असा आहे. मी वैद्य नव्हें, शास्त्रज्ञही नव्हें. मॅट्रिक होऊन चांदूर बाजारच्या परिसरांत ३४ वर्षें मराठी शाळेंत शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर इतकेंच कीं, या शास्त्राची उपेक्षा केल्याचा दंड माझ्या घरास भरावा लागला आहे.

सहा वर्षांपूर्वीं एका पहाटे माझ्या कुटुंबास पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय लुळा पडला, वाणी जड झाली. वेळेवर औषधोपचार मिळाल्यानें प्राण वांचले आणि दहाव्या दिवशीं आम्हीं तिला घरीं आणिलें. येतांना गोळ्यांची यादी हातीं होती. परंतु लुळ्या पडलेल्या हातापायांचें पुढें काय करावयाचें, हें कोणीं सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ समाचारास आले व म्हणाले, "मास्तर, बाईले उठू देऊ नका. हालचाल केली त अजून बिघडन." मला तें पटलें. पाण्याचा पेला तिच्या ओठांशीं, घांस तिच्या मुखांत, कूस बदलावयाची तीही आमच्या हातांनीं, असा आमचा क्रम सुरू झाला. तेलाचें मालिश मात्र रोज चाले. असे तीन महिने गेले. तेवढ्या काळांत खांदा दुखूं लागला, बोटें तळहाताकडे मिटत चाललीं आणि घोटा ताठरला.

पुढें माझ्या मुलानें अमरावतीहून एका तरुण भौतिकोपचार-तज्ज्ञ बाईंना आणिलें. त्यांनीं हातपाय तपासले आणि तिला पलंगावरून आपण कसें उठवितां तें दाखवा, असें मला सांगितलें. मीं रोजच्याप्रमाणें लुळा हात धरून तिला ओढलें. बाई शांतपणें म्हणाल्या, "गुरुजी, खांदा यामुळेंच दुखतो आहे. ज्या हातांत बळ नाहीं, तो धरून ओढूं नये. आणि विसांव्यानें हात परत येत नसतो, कामानें येतो." सारा जन्म मुलांच्या चुकांवर लाल शाई फिरविण्यांत गेला, त्या दिवशीं ती माझ्या वहीवर फिरली.

पक्षाघातांत मूळ दोष हाताचा नसतो, मेंदूचा असतो. रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळें मेंदूचा जो भाग नष्ट होतो, तो पुनः उगवत नाहीं. परंतु शेजारचे भाग व शिल्लक राहिलेले मज्जामार्ग नित्य सरावानें त्याचें काम अंशतः उचलूं शकतात. पाटीवर कित्ता गिरवितांना मुलाचें बोट जसें हळूहळू वळतें, तसेंच हें आहे. मालिशानें अंगास सुख वाटेल. पण दुसऱ्यानें कित्ता गिरविल्यानें मुलास अक्षर येत नाहीं, तद्वत् रोग्यानें स्वतः यत्न केल्यावांचून हात वळत नाहीं.

हें केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेंतील एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, दुबळा हात वापरतांना वारंवार अपयश येतें, म्हणून रोगी तो वापरणें सोडून देतो, आणि पुढें न वापरण्याचीच संवय जडते. या विचारावर आधारलेल्या उपचारांत चांगल्या हातावर जागेपणींचा बहुतेक वेळ जाड हातमोजा चढवितात आणि दुबळ्या हाताकडूनच कामें करवून घेतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या एका चांचणींत, ज्यांच्या मनगटांत व बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती अशांना, झटक्यानंतर ३ ते ९ महिने उलटलेले असूनही, दोन आठवड्यांच्या या उपचारानें लाभ झाला व तो वर्षभर टिकला.

मग झटका येतांच रोग्यास उठवून चालवावें काय? येथेंच संशोधनाची खरी थोरवी दिसते; कारण तें आळसाप्रमाणें अतिउत्साहासही आवर घालतें. पांच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, झटक्यानंतर २४ तासांच्या आंत रोग्यांस अधिक वेळां व अधिक काळ उठवून पाहिलें. त्यांची स्थिति नेहमींच्या शुश्रूषेंतील रोग्यांहून सुधारण्याऐवजीं किंचित् वाईटच निघाली. म्हणजे केव्हां उठवावें, किती वेळ उठवावें, याचेंही एक माप आहे. आणि तें जाणणारा मनुष्य शिकूनच तयार व्हावा लागतो.

तिसरी चांचणी आपल्याच देशांतील आहे. तज्ज्ञांची संख्या अपुरी, तेव्हां घरच्या माणसांसच थोडें शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतल्यास कसें, असा प्रश्न भारतांतील १४ रुग्णालयांनीं १२५० रुग्णांच्या साहाय्यानें तपासला. २०१७ सालीं निष्कर्ष आला तो असा कीं, सहा महिन्यांनंतर मृत्यूच्या वा परावलंबनाच्या प्रमाणांत कांहीं फरक पडला नाहीं. हें वाचून मला प्रथम वाईट वाटलें. पण विचार केल्यावर त्यांतील बोध ध्यानीं आला. घरच्यांची माया हवीच. परंतु थोडक्या दिवसांच्या शिकवणीनें ती शास्त्राची जागा भरून काढूं शकत नाहीं.

या शास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत १८९४ सालीं चार परिचारिकांनीं आपल्या व्यवसायाला शिस्त लावण्याकरितां एक संस्था स्थापिली. तिचाच पुढें मोठा वृक्ष झाला. आपल्या देशांत १९५३ सालीं मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत भौतिकोपचाराची पहिली शाळा निघाली, आणि १९५५ मध्यें हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. पोलिओनें लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न त्या काळीं विशेष तीव्र होता. भारतांतील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला व २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. पण भौतिकोपचाराचें काम तेथें संपलें नाहीं. पक्षाघात, रस्त्यावरील अपघात व वाढतें आयुर्मान यांनीं तें उलट वाढविलें आहे.

आम्हां वऱ्हाडकरांना शरीराच्या शिक्षणाचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची; त्याच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखविले. त्याच अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं तपोवन उभारून कुष्ठरोग्यांच्या हातांना काम दिलें. सशक्तास बळकट करणें आणि अशक्तास पुनः कामास लावणें, या दोन्हीं परंपरा आमच्या एकाच शहरांत नांदल्या. भौतिकोपचार हा त्या दोहोंचा जणूं मिलाफ आहे.

आणि तरीही या विद्येकडे आपण कसे पाहतों? एक कबुली देतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझी एक हुशार विद्यार्थिनी सल्ला विचारण्यास आली होती. भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमास जाऊं काय, असें तिनें विचारलें. मी म्हणालों, "पोरी, तो डॉक्टर होऊं न शकलेल्यांचा मार्ग." ती दुसरीकडे गेली. त्या काळीं चार वर्षांचें अध्ययन व सहा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी असे, त्यांत शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्थेचे विकार हे सारे विषय. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक करून घेण्याची तसदीही मीं घेतली नाहीं. ज्या बाई आमच्या घरीं आल्या, त्यांच्या गुरुजींनीं तसा सल्ला त्यांना दिला नाहीं, हें माझ्या कुटुंबाचें भाग्य.

२०२१ सालीं संसदेनें या व अशा इतर व्यवसायांच्या शिक्षणाचें नियमन करणारा राष्ट्रीय कायदा केला. तो आवश्यकच होता. परंतु केवळ कायद्यानें विद्या वाढत नसते. तिला आपल्या मातीचे प्रश्न विचारावे लागतात. पाश्चात्त्य ग्रंथांत रोगी बरा झाला कीं नाहीं हें तो खुर्चींतून उठतो का, जिना चढतो का, यावरून पाहतात. आमच्याकडील मनुष्यास जमिनीवर मांडी घालून जेवावयाचें असतें, उकिडवें बसावयाचें असतें, मोरींत तांब्यानें अंगावर पाणी घ्यावयाचें असतें, संत्र्याच्या बागेंत शिडीवर चढावयाचें असतें. याचीं मापें आमच्याच विद्यार्थ्यांनीं, आमच्याच गांवांत हिंडून तयार केलीं पाहिजेत.

सुशिक्षित कुटुंबांस माझी विनंति अल्पच आहे. रुग्णालयांतून रोग्यास घरीं नेण्यापूर्वीं, 'भौतिकोपचार केव्हां सुरू करावयाचा व तो कोण करील,' हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. लुळा हात धरून रोग्यास कधींही ओढूं नका. जें त्याला स्वतः करतां येईल तें, वेळ लागला तरी, त्यालाच करूं द्या. आणि घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें ही विद्या शिकण्याची इच्छा दर्शविली, तर मीं दिलें तें उत्तर देऊं नका.

आज माझें कुटुंब काठी टेकीत अंगणांतील तुळशीपर्यंत जातें. उजव्या हातानें पेला धरतां येतो, पोलक्याचीं बटनें लावतां येतात. ज्वारीची भाकरी थापणें मात्र पुनः जमलें नाहीं. आतां भाकरी मी थापतों, आणि ती शेजारीं बसून चुका दाखविते. ते तीन महिने आम्हीं वायां घालविले नसते, तर तिचा हात भाकरीपर्यंत पोंचला असता काय? याचें निश्चित उत्तर कोणीही देऊं शकणार नाहीं. परंतु परातीवर पीठ घेतलें कीं रोज हाच प्रश्न मला पडतो. तो आपल्यापैकीं कोणासही पडूं नये, एवढ्याचसाठीं आज आपला वेळ घेतला.