ट्रंकेतला करार



माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. संशोधनावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपण विचाराल. मला तो एका पत्र्याच्या ट्रंकेने दिला. एका कारखान्यासाठी आम्ही रात्रपाळीच्या भत्त्याची नवी मागणी लिहीत बसलो होतो. तेवढ्यात एका निवृत्त सभासदाने ट्रंकेतला जुना करार आणून पुढ्यात ठेवला. भत्ता अकरा वर्षांपूर्वीच मंजूर झालेला! करार कोणी वाचला नाही, म्हणून भत्ता कोणाला मिळाला नाही.

प्रयोग हाती घेण्यापूर्वी त्या प्रश्नावर आजवर झालेले सारे काम हुडकायचे, पारखायचे आणि एकत्र मांडायचे, यास पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात. पुष्कळांना ती प्रबंधाची पाने भरण्याची रीत वाटते. तो न घेतल्यास काय होते ते पाहा.

स्ट्रेप्टोकायनेज हे हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध. १९५९ ते १९८८ या काळात त्याच्या ३३ चाचण्या झाल्या. काही रोग्यांना औषध द्यायचे, काहींना नाही, आणि मृत्यू मोजायचे. बहुतेक चाचण्या लहान. एकटीच्या जोरावर ठाम काही सांगता येईना. १९९२ साली अमेरिकेतील जोसेफ लाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सालवार एकीत एक मिळवीत नेल्या. तेव्हा दिसले की, १९७३ सालीच, आठ चाचण्या व २,४३२ रोगी एवढ्यावर, औषधाने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले होते. त्यानंतर आणखी २५ चाचण्या, ३४,५४२ रोगी, आणि उत्तर तेच! त्यांतल्या ज्यांना औषध दिले गेले नाही, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा?

न्यायाने बोलायचे तर बेरजेची ही रीत १९७३ साली वैद्यकात रुळली नव्हती. शिवाय आढावाही फसतो. अपयशी प्रयोग पुष्कळदा छापलेच जात नाहीत, मग बेरीज फुगते. आमच्या इतिवृत्तांतही हरलेला संप दोन ओळींत उरकलेला असतो!

दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या धुळीच्या रोगाचा अभ्यास केलेले डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ साली आपल्याच व्यवसायबंधूंना खडसावले, की चाचण्यांचा साक्षेपी आढावा तुम्ही ठेवीतच नाही. १९९३ साली त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. हे दप्तर चाळणे हेच तिचे काम. आता ‘लॅन्सेट’सारखे नियतकालिकही लेखकाला विचारते: मागचे काय होते, ते कोठे शोधलेत, आणि तुमच्या कामाने त्यात भर काय पडली?