वीस पावलांचे माहेर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या मालेत माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी छत्तीसगढातील मराठी माणसाचा इतिहास आपणांपुढे मांडला. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले, १८५४ साली नागपूरकरांचे राज्य खालसा झाले, आणि तरीही मराठी कुटुंबे येथेच राहिली, हे सारे आपण ऐकले. मी इतिहासकार नव्हे आणि व्याख्यातीही नव्हे. कार्यवाहांनी मला विषय दिला, 'परप्रांतातील नवा संसार'. मी म्हटले, "मला परप्रांत ठाऊक नाही, मला फक्त बीरगांव ठाऊक आहे." ते म्हणाले, "मग बीरगांवावरच बोला." तेव्हा आज मी बीरगांवातील एका भाड्याच्या खोलीविषयी, तीत राहणाऱ्या दोन अजाण जीवांविषयी चार शब्द बोलणार आहे.

१९८६ सालच्या उन्हाळ्यात आमचे लग्न झाले. माझे माहेर सातारचे. यजमान डिप्लोमा होऊन रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रात, एका कारखान्यात नुकतेच लागले होते. माझ्या आतेसासूबाई जरा कमी ऐकत. "मुलगा उरल्यात आहे" असे कोणी सांगितले, की त्या विचारीत, "उरल्यात म्हणजे? बाकीचे कोठे गेले?" या विनोदावर सारे घर हसे. मीही हसले. परंतु पुण्याहून नागपूर आणि नागपूरहून हावडा मार्गाची गाडी असा प्रवास करून, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकीत आम्ही रायपुरास उतरलो, तेव्हा बाकीचे सारे खरोखरच मागे राहिले होते. उरलो ते आम्ही दोघे.

बीरगांव हे रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर. आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. त्या वेळी मात्र ते गाव आणि कारखान्यांची वस्ती यांच्या मध्ये कोठेतरी घुटमळत होते. एका बाजूस धानाची शेते, दुसऱ्या बाजूस धुराडी. आमची खोली कौलारू होती. पाण्यासाठी गल्लीच्या टोकाशी हातपंप होता. त्यास तेथे 'बोरिंग' म्हणत. "बोरिंगवर जाऊन ये" असे पहिल्या दिवशी ऐकले तेव्हा मला वाटले, की हे एखाद्या कचेरीचे नाव असावे.

नव्या संसारातील साहसे ही अशीच असतात. सिंहाच्या गुहेत शिरावे लागत नाही. भाजीवाल्याकडे जावे लागते. दुसऱ्या दिवशी मी दारावरून जाणाऱ्या बाईस "भाजी द्या" म्हटले. तिने मोठ्या प्रेमाने लाल भाजीची जुडी टोपलीतून काढून दिली. मी म्हटले, "दुसरी भाजी." तिने चेच भाजी दिली. मी वांग्यांकडे बोट दाखवले, तेव्हा ती हसून म्हणाली, की ही भाजी नव्हे. छत्तीसगढीत भाजी म्हणजे पालेभाजीच, हे ज्ञान होईपर्यंत आम्ही आठ दिवस दोन्ही वेळा पालेभाज्या खाल्ल्या. यजमान बिचारे काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढेच म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितले आहे का?"

आणखी एक प्रसंग सांगते. महिन्याचा पहिला पगार झाला, तेव्हा आम्ही सायकलवर डबलसीट रायपुरास गेलो. गोलबाजारात लोखंडी तवा, पोळपाट आणि वातीचा स्टोव्ह घेतला, बूढा तलावाच्या काठी शेंगदाणे खाल्ले, आणि स्वतःस अत्यंत सुखी समजत परत निघालो. वाटेत पावसाने गाठले. रेल्वेच्या फाटकाशी सायकलची साखळी निसटली आणि त्याच क्षणी फाटक पडले. समोरून मालगाडी निघाली, ती संपेचना. यजमान डबे मोजू लागले. मी पदराखाली स्टोव्ह धरून उभी होते. मला इतका संताप आला, की मी म्हटले, "डबे काय मोजता? मला उद्याच्या उद्या सातारला पोहोचवा." त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "सत्तावन्न झाले. गाडी संपली, की बोलू." गाडी संपली. आम्ही बोललो नाही. तवा डोक्यावर धरून मी घरापर्यंत चालत आले. तो तवा आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यावरची पहिली भाकरी मात्र त्या दिवशी भाजली गेली नाही.

हे सारे आज हसत सांगता येते. त्या वेळी ते हसण्याजोगे नव्हते. सातारहून मी मोठ्या हौसेने उडदाचे पापड लाटण्याचे पीठ आणले होते. ते लाटून गच्च उन्हात वाळत घातले, तर संध्याकाळी त्यांवर काजळीचा थर. अर्धा दिवस मी नुसती रडले. शेजारच्या काकींनी ते पाहिले. काही न बोलता त्या एक जुने, विरलेले लुगडे घेऊन आल्या, आणि वाळवण त्याखाली कसे झाकावे, वारा कोणत्या बाजूने येतो, हे त्यांनी मला दाखवले. "लुगरा," त्या म्हणाल्या. "लुगडे," मी म्हटले. त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. जात्यास त्या जांता म्हणत, सुपास सूपा, कडूस करू. भाषा परकी आहे असे मी मानून बसले होते; ती तर दूरच्या आत्याची मुलगी निघाली.

काकींच्या घरी पहाटे 'बासी' खात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, आणि सकाळी मीठ, कांदा, चटणी यांबरोबर खायचा. शिळ्या अन्नाविषयी मनात असलेला तिटकारा मी प्रथम तोंडावर दिसू दिला, याची मला आजही लाज वाटते. भट्टीपुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसास जेठाच्या उन्हात ही बासी कशी तारते, ते पुढे यजमानांनीच मला सांगितले. कारण ते स्वतः कारखान्यात सहकाऱ्यांच्या डब्यातील बासी खाऊ लागले होते, आणि घरी सांगण्यास भीत होते! २०२२ साली १ मे रोजी, श्रमिक दिनी, राज्य सरकारने सर्वांस बोरे बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मोठमोठ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. आमच्या घरात तो सन्मान बासीला फार आधीच मिळाला होता.

आता ज्यासाठी मी हे सारे सांगितले, त्या गोष्टीकडे येते.

भाद्रपद जवळ आला. आपला पोळा आणि तेथला पोरा एकाच अमावास्येस. गल्लीतील मुले मातीचे बैल, मातीची चूल आणि जाते घेऊन खेळत होती. पोऱ्यानंतर एक नवल मी पाहिले. एकेका घरापुढे कोणाचा भाऊ, कोणाचा वडील सायकलवर येई, आणि सासुरवाशीण पिशवी घेऊन त्याच्यामागे बसून निघून जाई. तेथे 'तीजा' हा लेकींचा सण. आपली हरितालिका ती हीच, तिथीही तीच; परंतु छत्तीसगढात त्या व्रतासाठी लेकीने माहेरी यावयाचे आणि भावाने तिला न्यावयास जावयाचे, अशी रीत आहे. दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. बोरिंगवर माझी एकटीची घागर.

मी वडिलांना पत्र घातले होते, की दादाला पाठवा, मी येते. 'येते' या शब्दाचा अर्थ मी त्यात लिहिला नव्हता, पण माझ्या मनात तो स्पष्ट होता. मी परत येणार नव्हते. यजमानांविषयी तक्रार नव्हती. तो धूर, तो एकांत, रात्रपाळीच्या त्या रात्री, यांना मी कंटाळले होते. उत्तर आले, की दादाची परीक्षा आहे, दिवाळीत पाहू. ते पत्र मी हातात धरून उंबऱ्यावर बसले होते. काकींनी विचारले, मी सांगितले. त्या म्हणाल्या, "तोर भाई नइ आइस त का होइस?" तुझा भाऊ आला नाही, तर काय झाले? आणि त्या आत निघून गेल्या. मला वाटले, किती कोरडे हे बोलणे!

द्वितीयेच्या संध्याकाळी दारात सायकलची घंटा वाजली. काकींचा मुलगा, पंधरासोळा वर्षांचा, तेल लावून भांग पाडलेला, स्वच्छ सदरा घातलेला, सायकल धरून उभा. म्हणाला, "दीदी, न्यायला आलो आहे." त्यांचे दार आमच्या दारापासून मोजून वीस पावलांवर. तरीही त्याने मला चालू दिले नाही. माझी पिशवी हँडलला अडकवली, मला मागे बसवले, आणि गल्लीला एक पूर्ण वळसा घालून आपल्या दारी उतरवले. दारात काकी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही लेकी आल्या होत्या. मला त्यांच्या पंक्तीस बसवले आणि 'करू भात' वाढला. तीजाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपास धरण्याची तेथली चाल आहे. कारले मला आवडत नसे. त्या रात्री मी दोनदा मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी माझी वाळूची पिंडी त्यांच्याच अंगणात मांडली. पत्रीची नावे मी सांगावी आणि काकींच्या लेकींनी ती गोळा करावी. रात्री जागरण झाले. चतुर्थीला सकाळी काकींनी मला लुगरा दिला. मी मोदक करावयास घेतले. उकडीचे मोदक मला तोवर कधीच साधले नव्हते. परंतु तांदळाच्या पिठाचा फरा उकडणाऱ्या काकींच्या हाताला उकड नवी नव्हती. पाकळ्या मात्र त्यांना जमेनात. रात्रपाळीहून आलेल्या यजमानांनी ते ओबडधोबड मोदक खाल्ले आणि विचारले, "सातारला कधी निघायचे?" मी म्हटले, "दिवाळीत पाहू."

मंडळी, आपल्या मंडळात मी प्रथम आले, ती त्यानंतर तीन वर्षांनी. कोणीतरी कारखान्यात यजमानांचे आडनाव वाचून चौकशी केली, म्हणून. येथे सर्वांनी आमचे फार अगत्याने स्वागत केले. एका ज्येष्ठ बाईंनी मला प्रेमाने विचारले, "तीन वर्षे कोठे होता?" मी हसून वेळ मारून नेली. परंतु खरे सांगावयाचे, तर तो प्रश्न मीच त्यांना विचारावयास हवा होता. आम्ही बीरगांवातच होतो. मंडळाला आमच्यापर्यंत यावयास तीन वर्षे लागली. काकींच्या मुलाला एक संध्याकाळ पुरली.

कृपा करून हा उपालंभ समजू नका. या मंडळाने पुढे मला जे दिले, ते मी विसरणार नाही. माझ्या मुलांच्या कानी शुद्ध मराठी पडले, ते येथे. तथापि सुवर्णमहोत्सव हा हारतुऱ्यांचा प्रसंग आहे, तसाच हिशेबाचाही. बीरगांव, उरला, सिलतरा या पट्ट्यात आजही मराठी तरुण जोडपी नोकरीसाठी येतात. दोघेही कामावर जातात. आईचा चेहरा त्यांना रोज फोनवर दिसतो. भाजी मागवली, की घरपोच येते, आणि वांगे म्हणजे भाजी की नाही, हा वाद त्यांना घालावा लागत नाही. पण हरितालिकेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात घंटा वाजत नाही. आपण त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवतो आणि ती येत नाहीत, म्हणून आपसांत खेद व्यक्त करतो. भावाने कधी पत्रिका पाठवून बहिणीला माहेरी आणल्याचे कोणी ऐकले आहे काय?

माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून हिंदी मासिक काढले, त्याचे नाव 'छत्तीसगढ मित्र' ठेवले. घरची भाषा मराठी असलेल्या त्या गृहस्थांनी ज्या भूमीत राहिलो तिचे मित्र व्हावे, हे केवळ नावातून शिकवले. आपल्या मंडळानेही हे मैत्र शेजाऱ्यांकडून शिकावे.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. येत्या पोळ्यापासून हरितालिकेपर्यंतच्या तीन दिवसांत मंडळाच्या सभासदांनी दोघादोघांनी बाहेर पडावे, एकेका नव्या जोडप्याच्या दारी जावे, आणि त्यांना आपल्या घरी घेऊन यावे. सभागृहात नव्हे, घरी. पिशवी आपण उचलावी. आणि त्यांच्या शेजारी एखाद्या काकी असतील, तर त्यांनाही बरोबर आणावे. कारण आपल्या आधी त्या तेथे पोहोचलेल्या असतील.

काकी आता नाहीत. त्यांचा मुलगा दर वर्षी द्वितीयेला येतो. आता मोटारीने येतो. आमचे घर आता वीस पावलांवर नाही, रायपुरात आहे. तरीही तो खाली उभा राहून घंटा वाजवतो, आणि मी पिशवी घेऊन निघते.