दुसऱ्याच्या देवघरातील कथा



विषय ठरला त्या दिवशी व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस एक प्रेमाची सूचना केली. विषय जरा जड आहे, तेव्हा शेवटी नाव्हाहो लोकांची कोयोटीची एखादी गोष्ट सांगा, म्हणजे मंडळी हसत घरी जातील, असे त्यांचे म्हणणे. सूचना मुळीच वावगी नव्हती. कोयोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतील लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातील एक प्राणी. त्याच्या लबाडीच्या आणि फजितीच्या कथा ऐकताना त्या लोकांची लहान मुलेच काय, थोर माणसेही पोट धरून हसतात. परंतु काल संध्याकाळी ह्याच मांडवावर वळवाचा गडगडाट झाला, आणि आमचा प्रश्न परस्पर सुटला. नाव्हाहोंचा रिवाज असा की, ह्या कथा पहिले हिंव पडल्यापासून वसंतातील पहिली मेघगर्जना होईपर्यंतच सांगावयाच्या. साप आणि अस्वले बिळांत निजलेली असतात तोवरच. एकदा आभाळ गरजले की कथा मिटल्या. आणि आम्हांस बोलावणे आले आहे ते वसंत व्याख्यानमालेचे!

हा रिवाज आपणांस विचित्र वाटू नये. आपल्या घरी शुक्रवारची कहाणी सोमवारी कोणी वाचत नाही. श्रावणातील कहाणी हातांत तांदळाचे दाणे घेऊन ऐकावयाची, मधेच उठावयाचे नाही, हे आपल्या आज्यांनी आपणांस शिकविले. सत्यनारायणाची पोथी आगगाडीत वेळ जावा म्हणून कोणी उघडत नाही. म्हणजे कथेला वार असतो, महिना असतो, बसण्याची जागा असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या कथेच्या बाबतीत ठाऊक आहे. दुसऱ्याची कथा हाती आली, की मात्र आपण तिला नुसती ‘गोष्ट’ समजू लागतो.

बॅरे टोल्कन नावाचे एक अमेरिकन लोकसाहित्याचे अभ्यासक होते. 2018 साली ते वारले. 1950 नंतरच्या दशकात, तरुणपणी, युरेनियमच्या शोधात ते युटा राज्याच्या दक्षिण भागात भटकत होते, तेथे आजारी पडले, आणि एका नाव्हाहो कुटुंबाने त्यांना घरात घेऊन बरे केले. त्या घरचा कर्ता पुरुष थोर कथेकरी होता. पुढे टोल्कन प्राध्यापक झाले आणि ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्याच घरी वारंवार जाऊ लागले. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. समोर मुले बसलेली असली, की म्हाताऱ्याचा आवाज चढे-उतरे, कथेत रंग भरे. समोर केवळ यंत्र असले, की तीच कथा कोरडी, गोषवाऱ्यासारखी येई. टोल्कनांनी एकदा विचारले, ह्या कथा केवळ मनोरंजनासाठी का? म्हातारा म्हणाला, त्याचा मथितार्थ असा, की माझी मुले ह्या कथा ऐकतील तर चांगली माणसे होतील, न ऐकतील तर बिघडतील.

येथवर सर्व गोड आहे. पुढे टोल्कन अर्थाच्या आणखी खाली उतरू पाहू लागले, तेव्हा जाणत्यांनी त्यांना थांबविले. ह्या कथांच्या पोटात रोग बरे करण्याची विद्या आहे, आणि तिच्याच पाठीशी करणीची विद्याही आहे. तेथे हात घालणाऱ्याच्या घरच्या माणसांवर बेतते, असे त्यांना बजावण्यात आले. विद्यापीठातील माणसाने अशा वेळी काय करावे? पुष्कळांनी हसून सोडून दिले असते आणि प्रबंध पुरा केला असता. टोल्कनांनी तो शोध थांबविला आणि आपण का थांबलो हे छापून सांगितले. कथेकरी वारल्यावर त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. साठ तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यांच्यापाशी होते. ते त्यांनी 1997 साली त्या घरी, विधवेकडे परत धाडले. कारण साधे होते. यंत्राला ऋतू कळत नाही. विद्यापीठातील कोणी विद्यार्थी भर उन्हाळ्यात कळ दाबील, आणि मेलेल्या माणसाचा आवाज हिवाळ्याची कथा सांगू लागेल! ह्या फिती नष्ट होण्याचा संभव आहे, हे त्यांना कळत होते. त्यांच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना हे मानवले नाही. ज्ञानाची हानी झाली, असे ते म्हणाले. आम्हांलाही प्रथम वाचताना हळहळ वाटली, हे कबूल करतो.

आता दुसऱ्या खंडात चला. चार्ल्स माउंटफर्ड हे ऑस्ट्रेलियातील गृहस्थ. पोस्टखात्यात यंत्रे दुरुस्त करण्याची नोकरी करता करता, स्वतःच्या हौसेने, ते तेथील मूळ रहिवाशांचे अभ्यासक बनले. 1940 साली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पिट्जान्ट्जाट्जारा लोकांच्या वृद्धांनी त्यांच्यावर विश्वास टाकून आपली पवित्र स्थळे, चिन्हे, विधी आणि त्यांच्या कथा त्यांना दाखविल्या, सांगितल्या. ह्यांतील कित्येक गोष्टी अशा, की दीक्षा न झालेल्या तरुणाने, स्त्रीने वा मुलाने त्या पाहू नयेत. छत्तीस वर्षांनी, 1976 साली, माउंटफर्ड अतिवृद्ध झालेले असताना, त्या साऱ्यांचा चित्रांसहित एक जाडजूड ग्रंथ निघाला. जेथे मूळ रहिवाशांचा धर्म अद्याप जिवंत आहे तेथे तेथील धर्मप्रमुख पुरुषांना विचारूनच हे पुस्तक वापरावे, अशी सूचनाही आत छापली होती. म्हणजे पुस्तकात काय आहे हे छापणाऱ्यांना पुरते ठाऊक होते! दुकानात ठेवलेल्या पुस्तकावरील सूचना कोण पाळतो?

ते लोक नॉर्दर्न टेरिटरीच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. स्वामित्वहक्काचा कायदा त्यांच्या कामाचा नव्हता. तो लिहिणाऱ्याचा हक्क पाहतो, सांगणाऱ्याचा नाही. त्यांनी एवढेच म्हटले, की आम्ही हे विश्वासाने सांगितले होते. हे आमच्या बायकामुलांच्या हाती पडले तर आमची समाजाची घडीच विसकटेल. न्यायमूर्तींनी ते मान्य केले आणि पुस्तकाच्या विक्रीस तेथे मनाई केली. विश्वासघात हा शब्द आपण मित्रामित्रांत वापरतो. एका जमातीच्या देवांच्या बाबतीत तो न्यायालयात टिकला, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्या ठिकाणी श्रोत्यांपैकी कोणाच्या तरी मनात एक शंका उठली असेल, आणि ती उठलीच पाहिजे. आपण ज्ञानेश्वरांच्या गावचे लोक. ज्ञान कुलुपात ठेवणाऱ्यांशी झगडून आपली भाषा मोठी झाली. 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत उघडा झाला, तोच अमक्याने ऐकू नये, तमक्याने वाचू नये, असे म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून. मग आज आम्हीच उभे राहून, काही कथा झाकलेल्या राहू द्या, असे कसे म्हणावे? हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळीत होता.

विचार करता एक भेद दिसला. ज्ञानेश्वरांनी उघडले ते आपल्याच घरचे भांडार, आणि ते ज्यांना नाकारले होते त्या घरच्याच लेकरांसाठी. दुसऱ्याच्या घराची कडी त्यांनी काढली नाही. शिवाय कुलूप कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. बलवंत माणूस दुबळ्याला बाहेर ठेवण्यासाठी दार लावतो ते वेगळे, आणि ज्याचे बाकी सर्व गेले तो शेवटची खोली लावून घेतो ते वेगळे. नाव्हाहोंना 1864 साली त्यांच्या भूमीतून शेकडो मैल पायी हाकलीत नेले. 1868 च्या तहानंतर ते परत आले. पुढे त्यांची मुले सरकारी वसतिशाळांत नेली गेली, आणि तेथे स्वभाषा बोलल्यास शिक्षा होई. ज्यांच्या मुलांच्या तोंडून कथा अशा रीतीने काढून घेतल्या, त्यांच्याचकडे नंतर वही घेऊन जावे आणि ‘तुमच्या कथा साऱ्या मानवजातीच्या आहेत’ म्हणावे, ह्यात काही तरी चुकते आहे.

तरीही शंका पुरती फिटत नाही. पुरुषांनी स्त्रियांपासून झाकलेली कथा ही घरातलीच सत्ता नव्हे काय? असेल. पण ते दार उघडावे की नाही, हे त्या घरच्या बाईने ठरवावयाचे. पुस्तकविक्रेत्याने नव्हे.

इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? डहाणू तालुका आपल्याच राज्यात आहे. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्यभागी पालघाट देवी असते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी तेथे गेले, आणि त्यांच्यामुळे गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची कला कागदावर उतरली, जगभर गेली. म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली; 2018 साली ते वारले. हे चांगलेच झाले. घरच्या माणसाने आपल्या हाताने, आपल्या नावाने बाहेर आणलेली ती वस्तू होती. परंतु आज शहरात कोणत्याही चहाच्या पेल्यावर आणि साडीच्या काठावर ती त्रिकोणी माणसे नाचत असतात, आणि ती कोणाची हे पेला विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. उद्या देवीचा चौक पायपुसण्यावर दिसला तर नवल नाही. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे खरे. पण पायपुसण्यापाशी मानांकन विचारतो कोण?

दुसऱ्यांस एवढे बोलल्यावर आमचेही सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी जव्हारकडील एका पाड्यावर एका वृद्धाने आम्हांला रात्री शेकोटीपाशी एक कथा सांगितली. आम्ही ती वहीत उतरली आणि एका दिवाळी अंकात छापली. वर आमचे नाव, खाली ‘एक आदिवासी लोककथा’ एवढेच. सांगणाऱ्याचे नाव नाही, पाड्याचे नाही. मूळ कथा मध्येच थांबल्यासारखी वाटत होती, म्हणून शेवटी एक बोध आम्हीच जोडला. संपादकांना तो फार आवडला.

बऱ्याच वर्षांनी त्या वृद्धाचा नातू आम्हांला शोधीत आला. महाविद्यालयात शिकत होता. रागावलेला नव्हता, ते बरे झाले असते. तो म्हणाला, “सर, आजा असाच शेवट सांगत होता का?” आम्ही गप्प बसलो. मग त्याने सांगितले, की पाड्यावरची शाळेत जाणारी मुले आता ती छापील कथाच खरी मानतात, आणि म्हाताऱ्या बायका दुसरे काही सांगू लागल्या की “तुमचं चुकतं, पुस्तकात असं आहे” म्हणतात. आम्ही जुनी वही काढून त्याच्या हाती दिली. त्याने ती तेथेच बसून सावकाश वाचली आणि हसून म्हणाला, “ही तर अर्धीच आहे. अर्धी आज्यानं तुम्हांला सांगितलीच नाही.”

म्हणजे म्हाताऱ्याला सर्व कळत होते. पाहुण्यापुरते त्याने वाढले होते, आणि आम्ही ताट उचलून बाजारात नेले. वही आम्ही परत घेतली नाही.

मग दुसऱ्यांच्या कथा ऐकूच नयेत, सांगूच नयेत काय? तसे कोणीच म्हणत नाही; ते लोकही म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगु लोकांनी किंबर्ली ख्रिस्टन ह्या विदुषीबरोबर 2007 सालापासून आपल्या चित्रांचे आणि कथांचे एक संगणकीय भांडार उभारले. त्याला नाव दिले मुकुर्तु. वस्तू जपून ठेवावयाच्या पिशवीला त्यांच्या भाषेत तो शब्द आहे. पिशवी बंदही असते आणि सोडताही येते. कोणते चित्र फक्त घरच्यांनी पाहावे, कोणते फक्त स्त्रियांनी, कोणते जगाने, हे तेथे ते स्वतः ठरवितात. अशीच एक चिठ्ठ्यांची पद्धत पुढे निघाली. संग्रहालयातील वस्तूवर वा ध्वनिमुद्रणावर जमातीने आपली चिठ्ठी लावावयाची, आणि त्यांत ‘ही वस्तू विशिष्ट ऋतूतच’ अशीही एक चिठ्ठी आहे. आमच्या वहीवर तशी एखादी चिठ्ठी असती तर! पण चिठ्ठी नव्हती म्हणून आम्ही विचारले नाही, ही काही सबब नव्हे. तोंडाने विचारता आले असते. शेकोटीपलीकडे माणूस बसलेलाच होता.

चिटणीस मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत, आणि त्यांच्या मनात ती कोयोटीची गोष्ट अजून आहे, असे दिसते. त्यांनी मघाशी हळूच सुचविले, की सभेत नको तर निदान छापील खंडात द्या; खंड निघेपर्यंत हिवाळा येईलच. खंड हिवाळ्यात निघेल हे खरे. पण तो वाचनालयाच्या कपाटात राहील, आणि कोणी तरी तो ऐन वैशाखात, ह्याच वळवाच्या दिवसांत, उघडील. तेव्हा ते पान कोरेच राहू द्यावे, अशी त्यांना विनंती आहे.