स्वागताध्यक्षीय भाषण : रंगो बापूजींच्या वकिलातीचे मोल



राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या या शाहूपुरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. करवीर गादीच्या या नगरीत सातारच्या गादीच्या वकिलाचे स्मरण करणे उचित ठरेल. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातले रंगो बापूजी गुप्ते छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. धन्याशी एकनिष्ठ, पण हाती काही न लागलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली आहे. ती अपुरी आहे. परक्या सत्तेला तिच्याच कायद्याने जाब विचारण्याची रीत मराठी मुलखात ज्यांनी प्रथम घालून दिली, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

मूळ प्रकरणच पाहा. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई फितवल्याचा आरोप प्रतापसिंह महाराजांवर ठेवला गेला. चौकशी मात्र बंद दाराआड झाली. गुन्हा कबूल करून सही द्या, गादी राहील, असे गव्हर्नर कारनॅकने सुचवले. महाराजांनी सही नाकारली आणि सप्टेंबर १८३९ मध्ये ते पदच्युत झाले. म्हणून रंगो बापूजींनी दयेची याचना केली नाही; आरोप दाखवा आणि उत्तर ऐकून घ्या, ही त्यांची मागणी होती. तिच्यात इतके बळ होते की गुलामगिरीविरोधी चळवळीतले जॉर्ज थॉम्पसन या बाजूने उभे राहिले आणि साताऱ्याचेच माजी रेसिडेंट लॉडविक यांनीही कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांचा कैवार घेतला.

यावर कोणी म्हणेल, निष्पन्न काय झाले? महाराज १८४७ साली काशीत वारले, १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले. हे खरेच आहे. पण जिथे आरोपकर्ताच न्यायाधीश असतो, तिथल्या निकालावरून वकिलाची पारख करता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, १८५७ च्या साताऱ्याच्या कटात स्वतः रंगो बापूजीच होते, म्हणजे अर्जांवर त्यांचाही विश्वास उरला नव्हता. मला यातून उलट अर्थ दिसतो. सनदशीर मार्गाची सगळी दारे ठोठावून झाल्यावरच त्यांनी उठावाची वाट धरली; त्यात त्यांचे पुत्र सीताराम फासावर गेले. त्या उठावामागचे कारण लंडनच्या त्या वर्षांत सापडते.

तेव्हा अभ्यासकांना माझी विनंती आहे : लढायांच्या बखरींइतक्याच आस्थेने या अर्जांचा, जबान्यांचा आणि सभावृत्तांतांचा अभ्यास करा. रंगो बापूजींच्या वकिलातीची साधार, सटीप मराठी आवृत्ती सिद्ध करण्याचा संकल्प या परिषदेने करावा.