माळ्यावरचं ऑक्सिजन मशीन



2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. साथ ओसरली.
मशीन माळ्यावर गेलं.

आता ते कुणाला द्यायचं असेल, तर आधी तपासून घ्यावं.

या मशीनमध्ये झिओलाइटचे बारीक दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. ऑक्सिजन पुढे जातो.
मशीन बरेच महिने बंद राहिलं, की या दाण्यांना दमटपणा लागू शकतो. मग मशीन घरघरतं, नळीतून हवाही येते. पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. धोका इथेच आहे, कारण वरून काहीच कळत नाही.

म्हणून पुन्हा सांगायचं, तर आधी तपासणी, मग दान.

मशीन चांगलं निघालं, तर जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात विचारावं. वापरलेला मास्क आणि नाकातली नळी मात्र देऊ नये.

घरात सीपॅप किंवा बायपॅप, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र असेल, तर मॉडेल क्रमांक बघावा. फोममधल्या दोषामुळे फिलिप्सने 2021 मध्ये अशी लाखो यंत्रं परत मागवली होती.

बिघडलेलं मशीन ई-कचरा संकलन केंद्रात द्यावं.

आणि सिलिंडर?
तो पुरवठादाराकडेच परत करावा. भंगारवाल्याला मुळीच देऊ नका.